कुणाला लागलं नाही, पण धसका गेला नाही

शेवंती | १९ जून, रात्री ११.४०

गेल्या वर्षी जुलैत आमच्या नौपाड्यातल्या जुन्या घराचा स्लॅब पडला. सगळा नाही, ओट्याच्या वरचाच मोठा तुकडा. चहाचं आधण ठेवलं होतं. तेवढ्यात सर आली म्हणून मी गॅलरीतले कपडे काढायला गेले. हातात लेकीचा गणवेश होता, आणि मागे आवाज झाला. वळून पाहिलं तर स्वयंपाकघर दिसेना, नुसती पांढरी धूळ. धूळ बसल्यावर वरच्या गंजलेल्या सळया दिसल्या. चहाचं पातेलं ताटलीसारखं चपटं झालं होतं. गॅस मी बंद केला की सासूबाईंनी, ते आजही आम्हा दोघींना आठवत नाही.

कुणालाही काही लागलं नाही. लेक शाळेत होती, सासूबाई देवघरात. शेजारी आले, महापालिकेचे लोक आले, पुढे इमारत सी-१ मध्ये, म्हणजे अतिधोकादायक यादीत गेली आणि आम्ही खारेगावला भाड्यानं राहायला आलो. पहिले आठ-दहा दिवस मी इतकी खंबीर होते की सगळ्यांनी कौतुक केलं. सामान बांधणं, कागदपत्रं, लेकीची रिक्षा लावणं, सगळं मी केलं. मग हळूहळू काहीतरी बिघडलं.

ओल्या सिमेंटचा वास आला की माझे हात गार पडतात. वरच्या मजल्यावर टाईल्स फोडायचं काम सुरू झालं तेव्हा मी भर दुपारी घराबाहेर जाऊन जिन्यात बसले होते. झोप लागते, पण तीनच्या सुमारास खाडकन जाग येते आणि मी छताकडे बघत पडते. पावसाळा संपल्यावर बरंच कमी झालं होतं, वाटलं संपलं. या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला आणि सगळं पुन्हा सुरू.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते लिहिते. परवा लेकीच्या हातून स्टीलचं ताट पडलं. मी ओट्याशी होते. मला काही कळायच्या आत मी तिच्या पाठीत धपाटा घातला होता, जोरात. आठ वर्षांची आहे ती. रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला आजवर कधी बोटही लावलं नव्हतं.

नवरा म्हणतो, तुझा स्वभाव बदललाय. सासूबाई म्हणतात, देवाची कृपा, कुणाला लागलं नाही, मग आता काय धरून बसलीस. त्या तशा मायाळू आहेत, त्यांच्यावर रोख नाही. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनीच मला समोर बसवून मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली होती, आणि खरं सांगते, त्या संपूर्ण आठवड्यात मला बरं वाटलेली तेवढीच पाच मिनिटं होती.

मला एवढंच जाणून घ्यायचं आहे की डोक्यात नक्की काय होतं. स्वभाव बदलतो का माणसाचा? आणि परत जागेवर येतो का?

---

खाडीकाठ | २० जून, सकाळी ७.१५

ताई, तुमचा धागा वाचून बाबा आठवले. २६ जुलै २००५, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. कळव्याला आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. आम्ही सगळे वाचलो. अजूनही मोठा पाऊस लागला की बाबा रेशनकार्ड आणि पासबुकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवतात. आम्ही आता तिसऱ्या मजल्यावर राहतो. तुम्ही एकट्या नाही, एवढं सांगायला लिहिलं.

---

पिवळासिग्नल | २० जून, सकाळी ९.०५

मी निवृत्त मोटरमन. राहायला कोपरी.

लोकल चालवणाऱ्या माणसाला नोकरीत कधी ना कधी रनओव्हर बघावा लागतो. माझा पहिला ठाणे-कळवा दरम्यान. रूळ ओलांडणारा माणूस होता. ब्रेक मारला तरी गाडी जागेवर थांबत नाही, ती तिच्या वजनानं पुढे जाते, आणि तेवढा वेळ तुम्ही काचेतून बघत असता. त्याचा शर्ट पिवळा होता. त्यानं वर बघितलं होतं.

तुम्हाला राग येतो म्हणता, माझं उलटं झालं. मला काहीच येईना. घरी जेवायला बसायचो, बायको काय बोलली ते ऐकू यायचं पण पोचायचं नाही. मुलाचा दहावीचा निकाल चांगला लागला, पेढे वाटले, माझ्या आत हलायला काही नव्हतं. घरच्यांना वाटायचं बाबा शांत आहेत. ड्यूटीवर मात्र त्या पट्ट्यात आलो की हॉर्नवरचा हात सुटत नसे. हे कुणाला सांगायचं असतं, हेच तेव्हा माहीत नव्हतं. आम्ही एकमेकांत एवढंच विचारायचो, "तुझे किती?" तेवढ्यात सगळं आलं.

तुमच्या लेकीला जवळ घ्या. आमच्या घरी ते वर्ष वाया गेलं.

---

पेशीपुराण | २० जून, दुपारी ३.३०

शेवंतीताई, मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, कॉलेजात. डॉक्टर नाही, म्हणून उपचारांबद्दल बोलणार नाही. डोक्यात काय होतं, हा तुमचा प्रश्न मात्र माझ्या रोजच्या कामाचा आहे. जरा लांबेल.

तीन जागा लक्षात ठेवा. कानशिलाच्या आत खोलवर बदामाएवढा एक पुंजका असतो, अमिग्डाला. त्या नावाचा अर्थच बदाम. धोका हुंगणं हे त्याचं मोठं काम. त्याला लागूनच हिप्पोकॅम्पस, आकारानं समुद्रघोड्यासारखा. कुठे, केव्हा, कशानंतर काय घडलं याची नोंद तो ठेवतो. आणि कपाळामागे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, जो म्हणतो, "थांब, हे ताट आहे, स्लॅब नव्हे."

धोका जाणवला की अमिग्डाला हाकारा घालतो. काही क्षणांत अ‍ॅड्रेनालिन रक्तात, छातीत धडधड, हातापायांची त्वचा गार, कारण रक्त स्नायूंकडे वळलेलं असतं. तुमचे गार हात म्हणजे हेच. लढा किंवा पळा अशी ही तयारी वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञानं १९१५ च्या सुमारास मांडली. त्यामागोमाग दुसरी, संथ साखळी सुरू होते: मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून त्याच्या खालच्या पिट्युइटरी ग्रंथीला निरोप, तिच्याकडून मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रीनल ग्रंथींना, आणि मग कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक. त्याची पातळी वीस-तीस मिनिटांनी शिगेला पोचते. म्हणून ताट पडून गेलं, लेक खोलीत निघून गेली, तरी तुम्हाला अर्धा तास थरथर होत असणार. तुम्ही लिहिलं नाही, पण होत असणार.

आता धपाट्याबद्दल. येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टन यांनी बरीच वर्षं याच्यावर काम केलंय. थोड्या ताणात प्रीफ्रंटल कॉर्टेक्स उलट धारदार होतो, परीक्षेच्या आदल्या रात्री डोकं चालतं तसं. पण ताण हाताबाहेर गेला की मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि डोपामिन या रसायनांचा पूर येतो आणि त्या भागातल्या पेशींचं आपसातलं बोलणं तुटतं. "थांब" म्हणणाराच गप्प होतो. मागे उरतो तो जुना, झटपट मेंदू. बिबट्या समोर असताना विचार करत बसणारा जगत नाही, म्हणून ही सोय. ओट्यापाशी ती तुमच्या लेकीच्या पाठीवर निघाली. कारण सांगितलं म्हणजे धपाटा बरोबर ठरतो असं नाही, तुम्हालाही तसं वाटत नाही हे कळतंय. पण तो तुमच्या स्वभावातून आला नव्हता.

वासाचं वेगळं आहे. डोळ्यांची, कानांची खबर आधी थॅलॅमस नावाच्या जंक्शनवर जाते आणि तिथून पुढे. वासाची वाट मात्र थॅलॅमसला न थांबता अमिग्डालाच्या दारात पोचते. शिवाय तीव्र भीतीच्या क्षणी समुद्रघोड्याची नोंदवही नीट लिहिली जात नाही, बदाम मात्र ठळक लिहितो. गॅस कुणी बंद केला हे दोघींनाही आठवत नाही, आणि सिमेंटचा वास मात्र आजही जसाच्या तसा, याचं कारण हे. त्या वासावर तारखेचा शिक्काच पडलेला नाही. म्हणून तो आला की "तेव्हा झालं होतं" असं वाटत नाही, "आत्ता होतंय" असं वाटतं.

आणि पहिले आठ-दहा दिवस तुम्ही खंबीर होतात ना, त्यावर एक गोष्ट सांगते. बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमध्ये सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेनं उंदरांवर केलेलं काम जगभर वाचलं जातं. उंदराला रोज दोन तास, दहा दिवस हालचाल करता येणार नाही असं अडकवून ठेवलं. २००२ साली त्यांनी दाखवलं की त्यामुळे हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात, आणि अमिग्डालातल्या फांद्या उलट वाढतात. एकच ताण, दोन जागी दोन उलटे परिणाम. पुढे असंही दिसलं की २१ दिवस आराम दिल्यावर हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला, अमिग्डाला झाला नाही. २००५ साली त्यांनी एकदाच, फक्त दोन तास ताण दिला. दुसऱ्या दिवशी अमिग्डालात काहीच फरक नाही. दहा दिवसांनी बघितलं तर तिथल्या पेशींवर नवे जोड उगवलेले आणि उंदीर जास्त भित्रा झालेला.

उंदीर म्हणजे माणूस नाही, मी वर्गातही हे आधी सांगते. पण "तेव्हा तर ठणठणीत होती, आता काय झालं" असं घरात कुणी म्हणालं तर ही दहा दिवसांची गोष्ट जरूर सांगा.

---

रोखठोक | २० जून, सायंकाळी ६.५०

प्रतिसाद वाचले. शेवंतीताईंना काही म्हणायचं नाही, त्यांचा त्रास दिसतोय. पण हल्ली प्रत्येक गोष्टीला ट्रॉमा म्हणायची सवय लागली आहे, ती मला खटकते. ऑफिसात साहेब ओरडला, ट्रॉमा. गाडी चुकली, ट्रॉमा. माझे वडील वागळे इस्टेटला मशीनवर होते. त्यांच्या डोळ्यांदेखत शेजारच्याची बोटं गेली. दुसऱ्या दिवशी ते कामावर हजर होते. शब्द असा स्वस्त केला तर ज्याला खरंच त्रास आहे त्याचं कोण ऐकणार?

आणि एकाच घरात सासूबाई ठीक आणि सून नाही, हे कसं? स्लॅब तर एकच होता.

---

पेशीपुराण | २० जून, रात्री ९.२०

रोखठोक, तुमचं पहिलं म्हणणं मला पटतं. साहेब ओरडला तो ताण. जीव जाईल असं वाटलं, किंवा डोळ्यांदेखत दुसऱ्याचा गेला, तो आघात. आणि आघात झाला म्हणजे आजार झाला असंही नाही. बहुतेक माणसं काही आठवड्यांत आपोआप सावरतात. आघातानंतरचा ताणविकार, ज्याला पीटीएसडी म्हणतात, त्याला १९८० साली अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-३ या मनोविकारांच्या यादीत जागा मिळाली, मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. आताच्या निकषांत एक महिन्याहून जास्त काळ त्रास टिकणं, प्रसंग पुन्हापुन्हा अंगावर येणं, आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळत राहणं, मन काळवंडणं किंवा बधिर होणं, आणि सतत सावध, चिडचिडं, झोपमोड झालेलं असणं, अशा गोष्टी बघतात. त्यामुळे रोजचं जगणं अडतंय का, हेही. निदान तज्ज्ञानंच करायचं.

दुसऱ्या प्रश्नासाठी जुळ्यांचा एक अभ्यास आहे, २००२ चा. एकसारख्या जुळ्या भावांपैकी एक व्हिएतनामच्या युद्धात गेलेला, दुसरा घरी. ज्यांना तीव्र पीटीएसडी होता त्यांचा हिप्पोकॅम्पस लहान होता, हे आधीही दिसलं होतं. पण घरी राहिलेल्या जुळ्या भावाचाही तो तेवढाच लहान निघाला! म्हणजे लहान हिप्पोकॅम्पस हा आघाताचा परिणाम असण्यापेक्षा आधीपासूनची नाजूक जागा असू शकते. उंची जशी कुणाची कमी, कुणाची जास्त. सासूबाई धीराच्या आणि सून भित्री असा त्याचा अर्थ कृपा करून काढू नका. शिवाय सासूबाई देवघरात होत्या. ओट्यापाशी अर्ध्या मिनिटापूर्वी कोण उभं होतं?

तुमच्या वडिलांबद्दल, मोटरमनकाकांचा प्रतिसाद परत वाचा अशी विनंती. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर तेही हजर होते. स्टॅनफर्डचे जेम्स ग्रॉस यांनी भावना आवरण्याच्या पद्धतींवर आयुष्यभर काम केलंय. चेहऱ्यावर काही दिसू न देणं ही त्यातली एक पद्धत. त्यांच्या प्रयोगांत दिसलं की चेहरा शांत ठेवणाऱ्यांच्या शरीरातली ताणाची लक्षणं कमी होत नाहीत, काही बाबतीत वाढतातच. म्हणजे माणूस घरच्यांना शांत दिसतो, त्याच्या हृदयाला नाही.

---

रोखठोक | २० जून, रात्री ११.१०

वडील रोज रात्री जेवण झाल्यावर स्वतःची बोटं मोजायचे. आम्ही पोरं त्याला खेळ समजायचो. त्यांच्यासोबत आम्हीही मोजायचो.

इतक्या वर्षांत हे लक्षात आलं नव्हतं.

---

शेवंती | २१ जून, दुपारी १.००

सगळ्यांचे आभार. पेशीपुराणताई, अर्धा तास थरथर होते हे खरं आहे. मी लिहिलं नव्हतं.

एक विचारते. पावसाळा संपल्यावर सहा-सात महिने मी बरी होते. वास यायचा, पण नुसता वास वाटायचा. मग पहिल्या पावसाला परत पहिल्यासारखं का झालं? ते सगळं बरं होणं खोटं होतं का?

---

पेशीपुराण | २१ जून, दुपारी ४.१५

खोटं नव्हतं. भीती जाते म्हणजे पाटी पुसली जाते असं नाही. मेंदू जुन्या नोंदीशेजारी नवी नोंद लिहितो: "हा वास आला, आणि काही झालं नाही." प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा खालचा, मधला भाग ही नवी नोंद वापरून अमिग्डालाला दाबून ठेवतो. या नव्या शिकण्याची एक खोड आहे. ते ज्या परिस्थितीत शिकलात तिथं चांगलं चालतं, परिस्थिती बदलली की डगमगतं. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांतही हे दिसलं होतं, विझलेली सवय मध्ये काळ गेल्यावर आपोआप परत येते.

तुम्ही "वास आला तरी सुरक्षित" हे शिकलात ते नोव्हेंबर ते मे, कोरड्या हवेत. पाऊस, दमट भिंती, गॅलरीतले कपडे, यांच्यासकट ते शिकायची वेळ आत्ता आली आहे. म्हणून या पावसाळ्यात जिन्यात पळायचं नाही असं मी म्हणणार नाही. पण दर वेळी पळालात तर मेंदूला नवी नोंद लिहायला कागदच मिळत नाही. थोडं थोडं थांबणं, कुणाच्या तरी सोबतीनं, हे तज्ज्ञाच्या मदतीनं करतात तेव्हा चांगलं जमतं.

---

वाशीकर_वैद्य | २१ जून, रात्री १०.३०

मी मनोविकारतज्ज्ञ, नवी मुंबईत काम करतो. धागा आजच पाहिला. न तपासता निदान सांगणार नाही, पण ताई, अकरा महिने झालेत आणि लेकीपर्यंत पोचलंय, तेव्हा आता भेटायलाच हवं. वाट बघू नका.

कुठे, हा पुढचा प्रश्न. ठाण्यात आयपीएच १९९० पासून आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली संस्था, तिथे समुपदेशन मिळतं. प्रवास किंवा खर्च अडत असेल तर टेलिमानसचा क्रमांक १४४१६, केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्याची फोनसेवा, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. आणि ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय, १९०१ सालचं. त्याच्यामुळे "याला ठाण्याला पाठवा" हा वाक्प्रचार महाराष्ट्रभर झाला. माझ्याकडे येणारे ठाणेकर ते वाक्य ऐकत मोठे झालेले असतात आणि त्यापायी दहा-दहा वर्षं दार ठोठावत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं. तिथे बाह्यरुग्ण विभागात येऊन, औषध घेऊन संध्याकाळी आपल्या घरी जेवायला जाणारी माणसं खूप आहेत.

उपचारांत काय असतं हे माहीत असलं की भीती कमी होते म्हणून सांगतो. आघातावर केंद्रित सीबीटी (बोलून विचार आणि वागण्याची घडी बदलायची पद्धत) आणि ईएमडीआर (आठवण मनात धरून नजर ठरावीक लयीत हलवायची पद्धत), या दोन पद्धतींची जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ च्या मार्गदर्शनात शिफारस केली आहे. काहींना सर्ट्रालिनसारखी नैराश्य-चिंतेवरची औषधं लागतात, ती सवय लावणारी नसतात, मात्र डॉक्टरांना न विचारता एकदम थांबवायची नाहीत. त्याच मार्गदर्शनात दोन गोष्टी करू नका असंही म्हटलंय आणि नेमक्या त्याच आपल्याकडे होतात. एक, प्रसंगानंतर लगेच माणसाला बसवून "सगळं सांगून टाक, मोकळी हो" असं एकदाच सगळं बोलायला लावणं. दोन, पहिल्या महिन्यात झोपेसाठी म्हणून बेंझोडायझेपिनच्या, म्हणजे गुंगी आणणाऱ्या गोळ्या देणं. घराघरांत शेजारीण आपल्या डब्यातली अर्धी गोळी काढून देते, प्रेमानंच देते. घेऊ नका.

तोवर घरी करण्यासारखं: श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. चार मोजेपर्यंत घ्या, सात-आठ मोजेपर्यंत सोडा, पाच मिनिटं. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम आवळला जातो आणि ठोके मंदावतात, हे नाडीवर बोट ठेवून कुणालाही पडताळता येतं.

तुमच्या सासूबाईंनी दृष्ट काढली तेव्हा काय झालं असावं? ओळखीचं माणूस समोर, हात एका लयीत फिरतोय, कुणी काही विचारत नाही, तुम्हाला काही सांगावं लागत नाही. ते पाच मिनिटं बरं वाटलं यात मला नवल वाटत नाही.

---

पिवळासिग्नल | २२ जून, सकाळी ६.४०

डॉक्टरसाहेब, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. हे आता या वयात दाखवण्यात अर्थ आहे का?

---

वाशीकर_वैद्य | २२ जून, सकाळी ८.०५

आहे, काका. सत्तरीतली माणसं बरी होताना पाहिली आहेत. वहिनींना सोबत घेऊन जा, ते वर्ष त्यांचंही गेलंय.

---

घणसोलीच्याबाई | २२ जून, दुपारी २.४५

मी प्राथमिक शाळेत शिकवते, घणसोलीला. सगळे आईबद्दल बोलताय, मला लेकीबद्दल बोलायचंय.

ती त्या दिवशी शाळेत होती. सकाळी घरातून गेली, आणि संध्याकाळी तिचं घर नव्हतं. तिनं स्लॅब पडताना पाहिला नाही, म्हणून तिला काही झालं नाही असं सगळ्यांनी धरलं असेल. मुलं "मला भीती वाटते" असं म्हणत नाहीत. पोट दुखतं म्हणतात. सुटलेली शू परत अंथरुणात होऊ लागते. खेळात तोच प्रसंग पुन्हापुन्हा येतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता, घराला आग लागलेली. तो दोन महिने फळ्याखाली ठोकळ्यांचं घर बांधायचा आणि सगळ्या बाहुल्या आधी बाहेर काढून ठेवायचा. मी अडवलं नाही. एक दिवस त्यानं बाहुल्या आत ठेवल्या.

प्रीफ्रंटल कॉर्टेक्स पुरता तयार व्हायला विशीची पहिली पाच वर्षं उलटावी लागतात असं आमच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं. आठ वर्षांच्या मुलीकडे तो नसतोच म्हणा ना. ती तेवढा वेळ तुमचा वापरते. तुम्ही शांत तर ती शांत. म्हणून तुमचा बंद पडला तेव्हा ती रडलीसुद्धा नाही, तिला आधाराला काही उरलं नाही.

तिच्याशी बोला. माफी मागा, कारण देण्याआधी. आणि तिला सांगा की ताट पडणं ही चूक नव्हती.

---

शेवंती | २२ जून, रात्री ११.५५

बाई, तुमचं शेवटून दुसरं वाक्य मी दहा वेळा वाचलं. उद्या बोलते.

---

शेवंती | २६ जुलै, रात्री १०.२०

महिन्याभरानं लिहितेय, उशिराबद्दल क्षमा.

त्याच आठवड्यात १४४१६ ला फोन केला. पलीकडची मुलगी मराठीत बोलली. मी पहिली तीन-चार मिनिटं नुसती रडले, तिनं घाई केली नाही. मग प्रत्यक्ष भेट घेतली. आतापर्यंत चार वेळा जाऊन आले. नवराही एकदा आला. बाहेर पडल्यावर रिक्षात बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मी स्वभाव म्हणालो ते चुकलं."

वरच्या मजल्यावर जाऊन सांगितलं की तोडफोडीची वेळ आधी कळवा. त्यांनी अकरा ते एक ठरवली, आणि सुरू करायच्या आधी त्यांचा मुलगा खाली येऊन बेल वाजवून सांगून जातो. आवाज तोच, पण येणार आहे हे माहीत असलं की हात तेवढे गार पडत नाहीत. काल मी तो सगळा वेळ घरात काढला. सासूबाई शेजारी बसून शेंगा सोलत होत्या.

लेकीशी बोलले. आधी माफी मागितली. म्हटलं, तू चुकली नव्हतीस, आईच्या डोक्यात एक घंटा आहे, ती चुकून वाजली. तिनं विचारलं, "मग परत वाजली तर तू परत मारशील?" मला खोटं बोलवेना. म्हटलं, वाजेल परत, पण वाजली की मी आधी गॅलरीत जाईन आणि श्वास मोजेन, तू माझ्यामागे येऊ नकोस, मीच येईन परत. तिनं मान हलवली. त्यानंतर दोनदा गेले गॅलरीत. दोन्ही वेळा परत आले तेव्हा ती दाराशीच उभी होती.

एक गोष्ट मात्र खुपतेय. गेल्या आठवड्यात लक्षात आलं की तिनं सगळी स्टीलची ताटं मांडणीतून काढून खाली, ओट्याखालच्या कप्प्यात ठेवली आहेत, मध्ये एकेक फडकं घालून. विचारलं तर म्हणाली, "म्हणजे पडणार नाहीत."

---

घणसोलीच्याबाई | २७ जुलै, सकाळी ७.३०

ताई, ताटं परत मांडणीत ठेवा. तिच्यासमोर ठेवा, फडक्यांशिवाय, आणि ठेवताना थोडा आवाज होऊ द्या. घंटा सांभाळणं हे आईचं काम आहे, ते तिनं स्वतःकडे घेतलंय. तिच्याकडून काढून घ्या.

---

शेवंती | २७ जुलै, दुपारी ४.१०

ठेवली आत्ताच, दोघींनी मिळून. शेवटचं तिनं ठेवलं. जरा जोरात ठेवलं, आणि माझ्याकडे बघितलं.

---

खाडीकाठ | २७ जुलै, दुपारी ४.२५

मग?

---

शेवंती | २७ जुलै, दुपारी ४.४०

छातीत धडधडलं. तिथेच उभी राहिले. तिला म्हटलं, अजून एक ठेव.